मिर्झा गालिब : लेखणी आणि वेतन

दिल्लीच्या बल्लीमारान भागात, गली कासिम जान येथे, मिर्झा असदुल्लाखान गालिब यांचे घर आजही पाहावयास मिळते. थोर गझलकार म्हणून आपण त्यांना ओळखता. लेखणीच्या बळावर संसार चालविताना त्यांची झालेली ओढाताण मात्र फारशी सांगितली जात नाही.

२७ डिसेंबर १७९७ रोजी आग्रा येथे त्यांचा जन्म झाला. वडील व चुलते बालपणीच निवर्तले. चुलत्यांमागे कुटुंबास मिळालेल्या निवृत्तिवेतनात त्यांचा वाटा दरमहा साडेबासष्ट रुपयांचा होता. तो वाढावा म्हणून ते १८२८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले; पुढे दावा फेटाळला गेला आणि कर्ज तेवढे वाढले.

१८४० च्या सुमारास दिल्ली कॉलेजात फारसी शिकविण्याची जागा चालून आली. परंतु टॉमसन हे इंग्रज अधिकारी सामोरे आले नाहीत, म्हणून गालिब दारातूनच परतले, असे सांगतात. आपणांस हा अहंकार वाटेल. पण नोकरीने मान घटू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१८५० मध्ये बहादूरशहा जफर यांनी तैमूर घराण्याचा इतिहास फारसीत लिहिण्याचे काम त्यांना दिले. वेतन वर्षाला सहाशे रुपये, तेही सहामाही. तोवर घर उसनवारीवर चाले. वेतनाचा तिसरा हिस्सा सावकार नेतो, तेव्हा ते दरमहा मिळावे, असा अर्ज त्यांनी बादशहाला पद्यात केला.

१८५७ नंतर दरबार संपला. निवृत्तिवेतनही १८६० पर्यंत बंद राहिले. त्या काळात रामपूरचे नवाब युसुफ अलीखान यांनी आधार दिला. नवाबांच्या कविता टपालाने येत आणि गालिब घरी बसून त्या सुधारून पाठवीत. १८५९ पासून दरमहा शंभर रुपये सुरू झाले. रामपुरास राहिल्यास दोनशे मिळणार होते. त्यांनी दिल्ली व शंभर रुपये पत्करले. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी ते वारले, तेव्हाही डोक्यावर कर्ज होतेच.

वाचकहो, गालिब यांनी भीक मागितली नाही. केलेल्या कामाचे दाम वेळेवर मागितले. आपल्या संस्थेचा इतिहास वा स्मरणिका कोणाकडून लिहून घ्याल, तेव्हा शाल-श्रीफळाच्या आधी मोबदला आणि तो देण्याची तारीख ठरवा. लेखकाच्या घरीही दर महिन्याला वाण्याचे बिल येते.