एडमंड हॅले : ज्योतिर्विद आणि पाणबुड्या

आकाशात शेंडेनक्षत्र दिसले की राजास अपाय होतो, दुष्काळ पडतो किंवा रोगाची साथ येते, अशी समजूत आपल्या देशात होती, तशीच ती युरोपातही होती. अशा एका शेंडेनक्षत्राचे येणे-जाणे गणिताने ठरवून देणारा एडमंड हॅले हा विद्वान पुष्कळ विद्यार्थ्यांस नावाने परिचित असतो. परंतु हाच पुरुष समुद्राच्या तळाशी जाऊन बसला होता, आणि तेथे त्याचे व त्याच्या सोबत्यांचे प्राण एका चामड्याच्या नळीच्या लांबीवर अवलंबून होते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून त्याच्या चरित्राचा हा भाग विशेष विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हॅलेचा जन्म १६५६ साली लंडनजवळ झाला. त्याचे वडील साबणाच्या धंद्यात सधन झालेले गृहस्थ होते. ऑक्सफर्ड येथे शिकत असता, पदवी हाती येण्यापूर्वीच, वीस वर्षांचा हा तरुण १६७६ साली अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटावर गेला व तेथून त्याने दक्षिण आकाशातील ३४१ ताऱ्यांची स्थाने मोजून आणली. १६८४ साली त्याने केंब्रिज येथे न्यूटनची भेट घेतली, त्यास आपले विचार ग्रंथरूपाने मांडावयास लाविले, आणि १६८७ साली तो महान ग्रंथ स्वतःच्या खर्चाने छापविला. दुसऱ्याची कीर्ती वाढविण्यासाठी स्वतः झीज सोसणारे लोक विरळाच असतात.

१६९१ च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीक बुडालेल्या एका व्यापारी जहाजातील माल वर काढण्याच्या कामात हॅले पडला. त्या काळी पाणबुडे 'घंटा' वापरीत. पेला पालथा धरून पाण्यात दाबला असता त्यात हवा कोंडून राहते; तसेच हे मोठे पालथे पात्र असे. परंतु त्यात दोन अडचणी होत्या. घंटा ३३ फूट खाली गेली की पाण्याच्या दाबाने आतील हवा निम्म्या जागेत दडपली जाई व अर्धी घंटा पाण्याने भरे. शिवाय उरलेली हवा श्वासोच्छ्वासाने लवकरच दूषित होई.

हॅलेने लाकडाची घंटा करून तीवर शिसे मढविले, उजेडासाठी माथ्यावर काच बसविली, आणि वापरलेली उष्ण हवा सोडून देण्यास वर एक तोटी ठेविली. ताज्या हवेसाठी त्याने शिसे मढविलेली दोन पिपे घेतली. विहिरीतील दोन पोहऱ्यांप्रमाणे एक पीप खाली जाई तेव्हा दुसरे वर येई. प्रत्येक पिपाच्या तळास एक भोक असे, आणि माथ्यास मेण व तेल पाजलेली चामड्याची नळी जोडलेली असे.

या नळीतच सारी खुबी होती. नळी इतकी लांब असे की तिचे वजन बांधलेले टोक पिपाच्या तळाच्या भोकापेक्षाही खाली लोंबत राही. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक; त्यामुळे नळीच्या टोकाशी असलेला दाब पिपातील हवेच्या दाबापेक्षा जास्त असे व हवा बाहेर पडू शकत नसे. घंटेतील माणसाने ते टोक धरून वर घंटेत घेतले की दाबाचे पारडे फिरे, तळाच्या भोकातून पाणी पिपात शिरे व हवा जोराने घंटेत येई. नळी आखूड असती, तर हवा वाटेतच बुडबुड्यांच्या रूपाने निघून गेली असती आणि खाली बसलेल्या माणसांच्या हाती पाण्याने भरलेले पीप आले असते.

या योजनेवर हॅलेने स्वतःचा जीव टाकिला. आणखी चौघांसह तो नऊ ते दहा वाव, म्हणजे सुमारे ५५ ते ६० फूट खोल, दीड तासाहून अधिक वेळ राहिला व सर्वजण सुखरूप वर आले. घंटा एकदम न सोडता सुमारे बारा बारा फुटांवर थांबवून, ताजी हवा घेऊन आत शिरलेले पाणी बाहेर लोटण्यात येई. तळाशी बसून शिशाच्या पत्र्यावर लोखंडी लेखणीने निरोप लिहून ते रिकाम्या पिपाबरोबर वर पाठविता येत.

आज पाणबुडा हवेची टाकी पाठीवर घेऊन जातो आणि रेग्युलेटर नावाचे यंत्र त्यास भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा देते. तरी नळीच्या लांबीचा विचार सुटलेला नाही. स्वतःच्या तोंडाशी येणारी नळी साधारणपणे पाऊण मीटर असते. सोबत्याची हवा संपल्यास त्यास देण्याची नळी सुमारे एक मीटर असते. पाण्याने भरलेल्या गुहांत जाणारे मात्र सुमारे दोन मीटरची नळी वापरतात. कारण अरुंद वाटेत दोघांस शेजारी शेजारी पोहता येत नाही, एकामागून एक जावे लागते. फार लांब नळी अडकते, फार आखूड नळी सोबत्यापर्यंत पोहोचत नाही. कोठे जावयाचे व कोणास हवा द्यावी लागेल, हे पाहूनच माप ठरवावे लागते.

पुढे हॅले १७०४ साली ऑक्सफर्ड येथे भूमितीचा प्राध्यापक व १७२० साली राजज्योतिषी झाला. १५३१, १६०७ व १६८२ या वर्षी दिसलेले शेंडेनक्षत्र एकच असून ते १७५८ च्या सुमारास परत येईल, असे त्याने १७०५ साली प्रसिद्ध केले होते. १७४२ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्याचा अंत झाला. १७५८ सालच्या नाताळच्या रात्री जर्मनीतील पालिच नावाच्या एका शेतकरी ज्योतिर्विदास ते दिसले, आणि हॅलेचे गणित खरे ठरले.

ज्या काळजीने हॅलेने छहात्तर वर्षांचा हिशेब केला, त्याच काळजीने त्याने हातभर नळीचाही केला. हे काम मोठे म्हणून नीट करू, ते लहान म्हणून कसेबसे उरकू, असा भेद त्याने केला नाही. म्हणूनच घंटेतील पाचही जण जिवंत वर आले. ते शेंडेनक्षत्र १९८६ साली येऊन गेले, आता ते २०६१ साली यावयाचे आहे. आमचे आजचे विद्यार्थी त्या वेळी पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांनी ते आपल्या मुलांस दाखवावे, आणि दाखविताना त्या चामड्याच्या नळीचीही गोष्ट सांगावी, अशी आमची इच्छा आहे.