ओल्या बाळोत्यांपासून कागदी लंगोटापर्यंत: मॅरियन डोनोव्हन

श्रावणात राळेगावच्या कुठल्याही गल्लीतून चालत जा, कोणत्या घरात तान्हं बाळ आहे ते दारावरूनच कळतं. ओसरीवरच्या दोरीला, खिडकीच्या गजांना, पलंगाच्या दांडीला, जिथे जागा मिळेल तिथे बाळोती वाळत घातलेली असतात. ऊन नसतं, हवा दमट असते, आणि सकाळी धुतलेली दुपटी संध्याकाळीही हाताला ओलसरच लागतात. त्यात बाळाला दात येत असतील तर लाळेरं तासाभरात चिंब होतं. मानेच्या वळीत लालसर चट्टा उठतो, तसाच मांडीच्या सांध्यात उठतो. लाळेरं असो की लंगोट, प्रश्न एकच आहे. ओल बाळाच्या कातडीपासून दूर कशी ठेवायची आणि धुण्याचा ढीग कमी कसा करायचा?

हाच प्रश्न 1946 मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका बाईला पडला होता. तिचं नाव मॅरियन डोनोव्हन. बाळांसाठी एकदा वापरून टाकून देण्याच्या कागदी वस्तू आज किराणा दुकानातही मिळतात. त्यांच्या इतिहासात तिचं नाव अगदी सुरुवातीला येतं.

मॅरियनचं माहेरचं आडनाव ओब्रायन. जन्म 15 ऑक्टोबर 1917 चा. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी तिचे वडील आणि त्यांचे जुळे भाऊ लेथ यंत्रांचा कारखाना चालवत. मॅरियन सात वर्षांची असताना आई गेली. मग शाळा सुटल्यावर पोर वडिलांच्या कारखान्यात जाऊन बसू लागली. लोखंड कापताना पाहायचं, कारागीर एखादी अडचण कशी सोडवतात ते बघायचं, हेच तिचं खेळणं. शाळेत असतानाच वडिलांच्या मदतीने तिने दात घासण्याची एक नवी पूड तयार केली होती. पुढे मात्र ती अभियांत्रिकीकडे वळली नाही. 1939 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रोझमाँट कॉलेजातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली, न्यूयॉर्कला 'व्होग' या मासिकात सौंदर्यविषयक पानाच्या साहाय्यक संपादकाचं काम केलं, चामड्याच्या व्यापारातल्या जेम्स डोनोव्हन यांच्याशी लग्न केलं आणि कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्टला संसार थाटला.

दुसरं मूल झालं तेव्हा तिला रोजच्या कामाचा हिशेब नीट दिसला. कापडी लंगोट ओला झाला की तेवढाच बदलून भागत नसे. बाळाचं झबलं, खालचं दुपटं, गादीवरची चादर, सगळंच बदलावं लागे. बाजारात त्या काळी लंगोटावरून घालायच्या रबरी चड्ड्या मिळत. त्यांनी चादर कोरडी राही, पण बाळाचे हाल होत. रबर मांड्यांना आवळत असे, वळ उठत, हवा आत जात नसे.

इथे कातडीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण पुढची सगळी रचना तिच्यावरच उभी आहे. तान्ह्या बाळाची कातडी पातळ असते. सतत ओली राहिली की ती फुगते, मऊ पडते आणि कापडाच्या साध्या घासण्यानेही सोलवटते. लघवीतला युरिया आणि शौचातले जंतू एकत्र आले की अमोनिया तयार होतो. त्यामुळे कातडीवरचा नैसर्गिक आंबटपणा नाहीसा होतो. आंबटपणा गेला की शौचातली पचनाची विकरं जोर धरतात आणि कातडीवरच काम करू लागतात. त्या भाजल्यासारख्या जागेवर मग कॅन्डिडा नावाची बुरशी बसते. म्हणजे पुरळ केवळ लघवीमुळे येत नाही. ओल, घर्षण, शौच आणि कोंडलेली हवा अशा चौघांनी मिळून केलेलं ते काम असतं. रबरी चड्डी यातला एक शत्रूही कमी करत नव्हती, उलट हवा कोंडून बाकीच्यांना बळ देत होती.

मॅरियनने न्हाणीघरातला शॉवरचा पडदा ओढून काढला, कापला आणि शिवणयंत्रावर बसली. पाणी अडवणारा तो पडदा म्हणजे तिचा पहिला नमुना. तो जमला नाही, मग दुसरा, मग तिसरा. असे बरेच पडदे कात्रीखाली गेले. शेवटी तिला हवं तसं कापड सापडलं ते पॅराशूटचं नायलॉन. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि लष्कराचं उरलेलं असं कापड मिळत होतं. या नायलॉनच्या आवरणात आतून कापडी लंगोट बसवायचा. आवरण पाणी बाहेर येऊ देत नसे, पण रबरासारखं बाळाला आवळतही नसे. सेफ्टी पिनच्या जागी तिने दाबून लावायची बटणं बसवली. बाळाला पिन टोचण्याची आईची भीती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या एका बदलाचं मोल वेगळं सांगायला नको. आकार होडीसारखा दिसतो म्हणून तिने त्याचं नाव 'बोटर' ठेवलं.

कारखानदारांना मात्र ते पटलं नाही. एकामागून एक नकार आल्यावर तिने माल स्वतःच तयार करवून घेतला आणि 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या 'सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू' या मोठ्या दुकानात तो विक्रीला आला. बायकांनी तो उचलून धरला. 1951 मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी तिने आपले हक्क केको कॉर्पोरेशन या कंपनीला 10 लाख डॉलरला विकले.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण मॅरियनच्या डोक्यात अर्धंच काम झालं होतं. चादर वाचली, तरी आतला कापडी लंगोट धुवावा लागतच होता. आता तिला तो धुणंच नको होतं. लंगोट कागदाचा करायचा आणि एकदा वापरून टाकून द्यायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण कागद हा या कामासाठी फार अवघड गडी आहे. कागदाचे तंतू सेल्युलोजचे असतात आणि सेल्युलोजला पाणी प्रिय. तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढतं, म्हणून कागद टिपतो. पण ज्या बंधांनी हे तंतू एकमेकांना धरून असतात तेच बंध पाण्याने सुटतात. हॉटेलातल्या कागदी रुमालाने ओले हात पुसले की त्याचे तुकडे बोटांना चिकटतात ते यामुळेच. शिवाय नुसतं टिपून भागत नाही. टिपलेली ओल कातडीला लागूनच राहिली तर कागदात आणि ओल्या फडक्यात फरक काय? म्हणजे कागद ओला होऊनही फाटू नये, ओल पटकन शोषून घ्यावी आणि ती बाळापासून दूर, खालच्या थरात नेऊन ठेवावी, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या होत्या. मॅरियनने वेगवेगळे कागद घेऊन प्रयोग केले आणि आपली रचना तयार केली.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हे टिपण्याचं गणित आजीबाईंना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. कोऱ्या कापडाची बाळोती कोणी करत नाही. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं किंवा धोतर फाडून करतात. मऊपणा हे एक कारण झालं. दुसरं असं की कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो पाणी झिडकारतो. दवाखान्यातला कापूस रक्त टिपतो तो आधी क्षारात उकळून त्याचं मेण काढलेलं असतं म्हणून. कोऱ्या कापडावर तर खळही असते. वर्षानुवर्षांच्या धुण्याने हे सगळं निघून जातं आणि लुगड्याला टिपण्याची खरी ताकद येते.

कागदी लंगोटाचा नमुना घेऊन मॅरियन देशातल्या मोठमोठ्या कागद कंपन्यांकडे गेली. सगळीकडे उत्तर एकच मिळालं. असल्या वस्तूची गरज नाही, ती व्यवहारात चालणार नाही. टेबलापलीकडच्या ज्या अधिकाऱ्यांनी हा निर्णय दिला ते पुरुष होते, आणि त्यांच्या घरची बाळोती कोण धूत होतं हे वेगळं विचारायला नको. हा कागदी लंगोट तिच्या नावाने कधी बाजारात आलाच नाही.

ही कल्पना जगात एकट्या तिलाच सुचली होती असं मात्र नाही, आणि तिच्यावर लिहिणारे बऱ्याचदा हे विसरतात. महायुद्धात कापसाची टंचाई झाली तेव्हा स्वीडनमध्ये सेल्युलोजच्या थरांच्या घड्या करून त्या रबरी चड्डीत ठेवण्याचा उपाय निघाला होता. ब्रिटनमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस, योगायोगाने पॅराशूटच्याच कापडाचं आवरण शिवून त्यात टाकून देण्याची घडी बसवली आणि ती 'पॅडी' या नावाने विकली गेली. समुद्राच्या दोन बाजूंच्या दोन आया एकमेकींना न ओळखता शिवणयंत्रावर जवळपास एकाच उत्तरापाशी आल्या होत्या.

अमेरिकेत मोठी कंपनी या कामात उतरली ती 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात. प्रॉक्टर अँड गॅम्बलमधले रसायन अभियंते व्हिक्टर मिल्स यांच्यावर नातवंडाचे लंगोट बदलायची पाळी आली आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही. कंपनीने नुकतीच एक कागद गिरणी विकत घेतलेली होती, तिचा उपयोगही शोधायचा होता. त्यांची पहिली चाचणी टेक्सासमधल्या डॅलस शहरात झाली आणि साफ फसली. तिथल्या उन्हाळ्यात वरच्या प्लास्टिकच्या चड्डीने पोरं उकडून निघाली. विदर्भातल्या मे महिन्यात दिवसभर डायपर बांधून ठेवणाऱ्यांनी ही डॅलसची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रचना सुधारून 1961 मध्ये 'पॅम्पर्स' बाजारात आलं, म्हणजे मॅरियनने कंपन्यांचे उंबरे झिजवल्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी.

आजच्या डायपरमध्येही थरांची तीच मांडणी आहे. वर कोरडं राहणारं अस्तर, मध्ये शोषणारा लगदा, खाली पाणी अडवणारा पापुद्रा. 1980 च्या दशकात लगद्यात एका पॉलिमरचे दाणे मिसळू लागले. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी घेऊन जेलीसारखे फुगतात आणि दाबलं तरी सोडत नाहीत. दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर गळ्यात साखळीने अडकवतात तो कागदी रुमाल, किंवा प्रवासात लहान मुलांना बांधायचं कागदी लाळेरं, यांतही हेच सूत्र असतं. वर टिपणारा कागद आणि मागे प्लास्टिकचा पातळ थर. फक्त अस्तर आणि पॉलिमर नसतात, म्हणून असं लाळेरं जेवणापुरतं ठीक आहे. ते ओलं झाल्यावरही गळ्यात तसंच राहिलं तर मानेच्या वळीत पुरळ उठणारच, आणि झोपलेल्या बाळाच्या गळ्यात तर कोणतंच लाळेरं ठेवू नये.

चांगल्या रचनेचा एक तोटाही झाला. डायपर ओला असून कोरडा लागतो, त्यामुळे तो रात्रभर आणि पुन्हा दुपारपर्यंत तसाच राहतो. शौच झाल्यावर पॉलिमर काही कामाचा नाही, तिथे लगेच बदलणं हाच उपाय. तान्ह्या बाळाचा डायपर दोन-तीन तासांनी पाहावा, जागा कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी आणि दिवसातून काही वेळ बाळाला उघडंच खेळू द्यावं. पुरळ दिसलं तर झिंक ऑक्साइडचं मलम पुरतं. पावडर नको, ती बाळाच्या श्वासात जाते. सर्वांत जास्त नुकसान करतात ती औषधाच्या दुकानातून कोणी तरी सांगितलं म्हणून आणलेली मिश्र मलमं, ज्यांत तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवस पुरळ दबतं, मग कातडी पातळ होते आणि बुरशी आणखी पसरते. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा लाल चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर बाळाला दवाखान्यात दाखवावं.

आणि टाकून दिलेल्याचं पुढे काय, हा प्रश्न मॅरियनच्या काळात कोणी विचारला नव्हता. लगदा कुजतो, प्लास्टिक आणि पॉलिमर कुजत नाहीत. आपल्याकडे वापरलेला डायपर कागदात गुंडाळून द्यायचा असतो, नालीत किंवा शेताच्या धुऱ्यावर फेकायचा नसतो. घरी जुन्या लुगड्याची बाळोती आणि प्रवासाला किंवा रात्री डायपर, अशी वाटणी बऱ्याच आया स्वतःहून करतात. बाळाच्या कातडीलाही ती मानवते.

कागदी लंगोट कोणी घेतला नाही म्हणून मॅरियन हात जोडून बसली नाही. 1958 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी, तिने येल विद्यापीठाची वास्तुशास्त्राची पदवी घेतली. तेव्हा तिच्या वर्गात मोजून तीन बायका होत्या. पुढे ग्रीनिच गावी स्वतःचं घर तिनेच आखलं. कपाटात 30 कपडे एकत्र टांगता येतील असा हँगर, पाठीची झिप एकटीला ओढता यावी म्हणून लवचीक दोरी, पाणी निथळून जाणारी साबणाची वडीदाणी, अशा कितीतरी वस्तू तिच्या नावावर आहेत. 1985 मध्ये तिने दात साफ करायच्या दोऱ्याचं कडं तयार केलं, ज्यात दोरा बोटांना गुंडाळून रक्त अडवावं लागत नाही. लहानपणी दात घासायची पूड करणारी पोरगी साठी उलटल्यावर पुन्हा दातांकडेच आली होती. तिच्या नावावर सुमारे 20 पेटंट जमा झाली, त्यातलं शेवटचं 1996 चं.

4 नोव्हेंबर 1998 रोजी, वयाच्या 81 व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने तिचं निधन झालं. त्यानंतर 17 वर्षांनी, 2015 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान यादीत तिचं नाव घेतलं गेलं. तिची रेखाटनं, पत्रव्यवहार आणि जाहिराती आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या इतिहास संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.