पदवीविना प्राध्यापक : जॉर्ज बूल

महाविद्यालयात गणित किंवा संगणकशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच 'बूलीय बीजगणित' शिकावे लागते. आज्ञावली लिहू लागताच खरे आणि खोटे अशा दोनच किमती घेणारी 'बूलियन' राशी त्याला भेटते. आपल्या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी हे नाव शेकडो वेळा लिहिले असेल. ज्यांचे हे नाव, ते जॉर्ज बूल स्वतः विद्यार्थी म्हणून कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. आयुष्याची जवळजवळ अठरा वर्षे ते शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत. पण त्यांचे चित्त गणितात आणि दुर्बिणी तयार करण्यातच अधिक रमे. त्यामुळे धंदा बेताचाच चालला. मुलाला मात्र गणिताची गोडी घरातच लागली. गावातील एका पुस्तकविक्रेत्याने त्याला लॅटिनचे पहिले धडे दिले. ग्रीक भाषा त्याने स्वतःच्या बळावर आत्मसात केली. चौदाव्या वर्षी त्याने केलेला एका ग्रीक कवितेचा अनुवाद स्थानिक वृत्तपत्रात छापून आला, तेव्हा एवढ्या लहान मुलाचे हे काम असूच शकत नाही, असा जाहीर आक्षेप एका शिक्षकाने घेतला.

१८३१ च्या सुमारास वडिलांचा धंदा बसला. आईवडील आणि तीन धाकटी भावंडे यांचा भार सोळा वर्षांच्या जॉर्जवर आला आणि डॉनकास्टर येथील एका शाळेत त्याने साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. तुटपुंज्या पगारातून तो गणिताचे ग्रंथ विकत घेई. त्यामागे व्यवहारही होता : असा ग्रंथ वाचून संपायला इतर पुस्तकांपेक्षा कितीतरी अधिक दिवस लागत. याच काळात एकदा शेतातून चालत जाताना, विचारांचे नियमही बीजगणिताच्या चिन्हांत मांडता येतील, ही कल्पना त्याला स्फुरली, असे पुढे त्यांच्या पत्नीने नमूद केले आहे.

एकोणिसाव्या वर्षी बूल यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसा अध्यापन आणि रात्री लाग्रांज व लाप्लास यांच्या ग्रंथांचे अध्ययन, असा त्यांचा क्रम होता. केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घेण्याचा विचार त्यांच्या मनात आला. परंतु शाळा बंद केली तर घर कसे चालणार, या प्रश्नापाशी तो थांबला. १८४१ पासून केंब्रिजच्या गणित नियतकालिकात त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले आणि १८४४ साली रॉयल सोसायटीने या शाळामास्तराला सुवर्णपदक दिले. दुकानांतील नोकरांचे कामाचे तास कमी व्हावेत, त्यांना वाचनाला सवड मिळावी, म्हणूनही ते झटले. फुरसतीच्या अभ्यासाचे मोल त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

१८४७ मध्ये तर्कशास्त्रावरील त्यांचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील मूळ कल्पना शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. फुलांच्या परडीतून पांढरी फुले निवडणे या क्रियेला आपण 'क्ष' म्हणू. निवडलेल्या फुलांतून पुन्हा पांढरी फुले निवडली, तरी हाती तीच फुले उरतात. म्हणजे येथे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या संख्यांमध्ये हा नियम पाळणाऱ्या संख्या दोनच : ० आणि १. बूल यांनी १ म्हणजे 'सर्व' आणि ० म्हणजे 'काहीच नाही' असा अर्थ लावला. मग जे 'क्ष नाही' ते झाले १ वजा क्ष. 'आणि', 'किंवा', 'नाही' हे शब्द अशा रीतीने गणिताच्या कक्षेत आले आणि युक्तिवाद बरोबर की चूक, हे समीकरण सोडवून ठरवता येऊ लागले.

आयर्लंडमधील कॉर्क येथे नवे क्वीन्स कॉलेज सुरू होणार होते. बूल यांनी १८४६ मध्ये अर्ज केला; निर्णयाला तीन वर्षे लागली. दरम्यान, १८४८ च्या अखेरीस वडील वारले. मुलाची नियुक्ती पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १८४९ साली पदवी नसलेले बूल त्या महाविद्यालयाचे गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. विचारांच्या नियमांवरील त्यांचा मुख्य ग्रंथ तेथेच १८५४ मध्ये पूर्ण झाला. अवकल समीकरणांवर विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक १८५९ मध्ये आले.

१८५५ मध्ये त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव सर्वोच्च शिखराला दिले गेले, ते मेरीबाईंचे काका. या दांपत्याला पाच कन्या झाल्या.

नोव्हेंबर १८६४ मध्ये एके दिवशी मुसळधार पावसात सुमारे तीन मैल चालत बूल महाविद्यालयात पोहोचले आणि भिजल्या कपड्यांनीच त्यांनी व्याख्यान दिले. त्यानंतर ताप चढला, फुप्फुसांना सूज आली आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. धाकटी एथेल तेव्हा सात महिन्यांची होती. ती पुढे नामवंत कादंबरीकार झाली. चार वर्षांच्या अलिशियाने मोठेपणी, वडिलांप्रमाणेच महाविद्यालयाविना, चार मितींच्या भूमितीत स्वतंत्र संशोधन केले. मेरीबाईंनी मुलींना वाढवले आणि मुलांना गणित कसे शिकवावे, यावर पुस्तके लिहिली.

बूल यांच्या तर्कगणिताचा व्यवहारात काय उपयोग, याचे उत्तर त्यांच्या हयातीत कोणापाशीच नव्हते. ते मिळाले १९३७ मध्ये. क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाने मिशिगन विद्यापीठात शिकताना हे बीजगणित अभ्यासले होते. विजेचे बटण एक तर चालू असते किंवा बंद. म्हणजे १ किंवा ०. दोन बटणे एकापुढे एक जोडली की 'आणि', शेजारीशेजारी समांतर जोडली की 'किंवा'. बूल यांची समीकरणे विद्युतमंडलांना लागू पडतात, हे त्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले. आजच्या प्रत्येक संगणकाची रचना याच पायावर उभी आहे.

महाराष्ट्रापासून दूर राहून पाल्याला मराठी शाळेत घालताना पालक मला हमखास विचारतात, की हे मूल पुढे महाविद्यालयातील गणित आणि संगणकशास्त्र पेलू शकेल का? इंग्रजी संज्ञा शिकाव्या लागतील, त्याला कष्ट पडतील, हे मी लपवत नाही. परंतु त्या शास्त्राच्या मुळाशी 'आणि', 'किंवा', 'नाही' हे तीन शब्द आहेत. 'वही आणि पेन आण' आणि 'वही किंवा पेन आण' यांतील भेद आमची मुले पहिलीच्या वर्गातच ओळखतात. तो भेद काटेकोरपणे जपण्याची सवय त्यांना लावणे, हे शिक्षकाचे काम. लिंकनच्या शाळामास्तराने ते दिवसा मुलांसमोर केले आणि रात्री साऱ्या जगासाठी.