फॅलो यांचा ‘निळा आजार’
आर्थर फॅलो यांचा जन्म १८५० मध्ये फ्रान्समधल्या सेत गावी झाला. अंग निळे पडून दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात त्यांना हृदयातले तेच चार दोष एकत्र आढळत. फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असणे हा त्यांतला मुख्य. १८८८ मध्ये मार्सेय येथे त्यांनी हे मांडले. उपचार मात्र हाती नव्हता. १९११ मध्ये ते गेले.

१९५४ मध्ये अमेरिकेत लिलेहाय यांनी हे दोष प्रथमच शस्त्रक्रियेने दुरुस्त केले. वाट रुंद करताना झडप कापावी लागली तरी मूल वाचते. पण रक्त मागे गळून हृदयाचा उजवा कप्पा हळूहळू फुगतो. म्हणून आता शक्य तिथे झडप राखतात. लहानपणी ही शस्त्रक्रिया झालेल्यांनी मोठेपणीही तपासणी चुकवू नये.