पंडिता रमाबाई यांची पायवाट

विद्यार्थी मित्रहो, सुटी लागली म्हणजे साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांवर चढून जाण्याचा बेत तुमच्यापैकीं पुष्कळजण करतात. मोसमचें खोरें सोडून वाट चढणीस लागली कीं मुरूम पायांखालून निसटतो, निवडुंगाचे कांटे ओरखडतात, आणि भर दुपारीं एका माणसापुरतें पाणी चौघांत वांटून घ्यावें लागतें. संध्याकाळीं घरीं परतल्यावर पायांचे फोड आईला दाखवून कौतुक करून घ्यावयाचें, हा त्या सहलीचा शेवटचा भाग. त्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु जिला परतून जावयास घरच नव्हतें, आणि जिनें अशा वाटांवर आपलें सारें बालपण घालविलें, अशा एका मुलीची गोष्ट आज तुम्हांस सांगावयाची आहे. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या दाट अरण्यांत, गंगामूळ येथें झाला. हें स्थान आज कर्नाटक राज्यांत आहे. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या तेथेंच उगम पावतात. पहिल्या दोन पूर्वेकडे जातात व तिसरी घाट उतरून मंगळूरजवळ समुद्रास मिळते. अशा निर्जन ठिकाणीं एका विद्वान ब्राह्मणानें घर कां बांधावें? त्याचें कारण ऐकण्यासारखें आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्यार्थिदशेंत पुण्यास होते. त्यांचे गुरु पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्री संस्कृत शिकूं शकते, हें त्यांनीं तेथें पाहिलें आणि आपल्या घरींही तसेंच करावयाचें ठरविलें. पुढें आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकवूं लागले, तेव्हां आप्तस्वकीय चिडले. उडुपी येथें पंडितांच्या सभेपुढें त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्राधारें त्यांनीं आपली बाजू मांडलीही. परंतु रोजच्या विरोधास कंटाळून अखेर त्यांनीं गांव सोडला आणि अरण्याची वाट धरली. गंगामुळास त्यांचा आश्रम उभा राहिला. दूरदूरचे विद्यार्थी तेथें येऊन राहूं लागले.

येणाऱ्याजाणाऱ्या अतिथींच्या आदरसत्कारांत शास्त्रीबोवांची सारी मिळकत संपली व कर्ज झालें. तेव्हां सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. रमा अवघी सहा महिन्यांची होती. तिला वेताच्या पेटाऱ्यांत निजवून तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर दिला, आणि अशा रीतीनें ती डोंगराची वाट उतरून खालच्या खोऱ्यांत आली. तिच्या प्रवासाचा आरंभ हा असा झाला.

त्यानंतर सुमारें सोळा वर्षें हें कुटुंब एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्रास हिंडत राहिलें. देवळाच्या ओवरींत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराणें वाचावयाचीं, श्रोते जें देतील त्यावर निर्वाह करावयाचा व पुढें चालूं लागावयाचें, असा क्रम होता. शाळा नव्हती, पाटी नव्हती. लक्ष्मीबाई पहांटेस मुलीला मांडीवर घेऊन श्लोक म्हणून दाखवीत आणि मुलगी ते म्हणे. वाटेनें चालतांनाही पाठांतर थांबत नसे. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिला हजारों श्लोक मुखोद्गत होते.

मग दक्षिणेंत दुष्काळ पडला. शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते व त्यांची दृष्टिही गेली होती. मजुरी करणें त्यांच्या कुळांत कोणास ठाऊक नव्हतें आणि भीक मागण्याची लाज वाटे. जवळचे दागिने, वस्त्रें, भांडीं विकून झालीं. तो पैसाही दानधर्मांत गेला. तिरुपतीच्या सात डोंगरांच्या रानांत या मंडळींनीं कित्येक दिवस पाणी आणि झाडपाल्यावर काढले. शेवटीं, उपाशीं तडफडण्यापेक्षां तळ्यांत देह ठेवावा, असा शास्त्रीबोवांनीं निश्चय केला. त्या वेळीं मुलगा श्रीनिवास पुढें झाला व कुळाचा अभिमान सोडून आपण मजुरी करूं, असें त्यानें सांगितलें. तळ्याकडे जाणें थांबलें, पण फार उशीर झाला होता. सन १८७४ मध्यें त्या रानांतच अनंतशास्त्री वारले. दीड महिन्यानें रायचुरास लक्ष्मीबाईही गेल्या. स्मशान सुमारें तीन मैल दूर होतें आणि तिरडीस खांदा द्यावयास माणसें मिळत नव्हतीं. अखेर दोघां ब्राह्मणांस दया आली. तिसरा श्रीनिवास व चौथी रमा. ती उंचीनें लहान, तिरडी खांद्यावर घेतली तर तोल जाई; म्हणून तिनें आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला व ती तीन मैल चालली. पुढें थोड्याच काळांत मोठी बहीणही पटकीनें वारली.

आतां दोघें बहीणभाऊच उरलीं. दक्षिणेपासून पंजाब-काश्मीरापर्यंत व तेथून बंगालपर्यंत तीं पायीं हिंडलीं. हा प्रवास चार हजार मैलांहून अधिक झाला, असें रमाबाईंनीं पुढें लिहून ठेविलें आहे. कधीं मूठभर हरभरे पाण्यांत भिजवून मिठाशीं खावे, कधीं रानांतलीं बोरें आठळ्यांसकट गिळावीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं त्यांस थंडीनें गांठलें. अंगावर पुरेसें पांघरूण नव्हतें. तेव्हां दोघांनीं वाळूंत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत पडून डोक्याखेरीज सर्व अंग वाळूनें झांकून घेतलें व रात्र काढली.

सन १८७८ मध्यें तीं कलकत्त्यास पोंचलीं. एक वीस वर्षांची मुलगी संस्कृतांत अस्खलित बोलते, हें पाहून तेथील विद्वान चकित झाले. त्यांनीं तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वाटेवर आईनें शिकविलेली विद्या भर सभेंत मान्य झाली. पण ती पाहण्यास आई नव्हती. सन १८८० मध्यें श्रीनिवासही डाक्क्यास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला. सन १८८१ मध्यें मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीही पटकीनें गेले.

यापुढील चरित्र बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व हंटर कमिशनपुढें स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टर करण्याची मागणी मांडली. सन १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सन १८८६ मध्यें त्या अमेरिकेस पोंचल्या. तेथें त्यांनीं उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि विधवांच्या शाळेसाठीं मदत मिळविली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. या सदनांत शिकलेल्या गोदूबाई पुढें महर्षि कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदनांत मुलींचें धर्मांतर होतें, या संशयावरून सन १८९३ मध्यें मोठा वाद झाला व पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंना त्याचें दुःख झालें, पण काम बंद पडलें नाहीं.

याच वेळीं त्यांच्या जुन्या वाटेनें त्यांस पुन्हां हांक मारली. सन १८९६ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. उपासमारीनें गांवोगांव ओस पडले. तरुण विधवा व अनाथ मुली दुष्टांच्या हातीं सांपडूं लागल्या. पुण्यांत बसून वर्तमानपत्रांतील आंकडे वाचणारे पुष्कळ होते. रमाबाईंस ते आंकडे वाचतांना तिरुपतीचें रान आणि रायचूरची ती वाट दिसूं लागली. त्या स्वतः तिकडे गेल्या व सुमारें तीनशें बाया-मुलींना घेऊन आल्या. पुण्यास प्लेगचे कडक नियम होते, म्हणून दौंडजवळ केडगांव येथें घेतलेल्या उजाड जमिनीवर त्यांनीं या सर्वांस नेलें. हेंच मुक्तिसदन होय. सन १९०० च्या गुजराथच्या दुष्काळांतही त्यांनीं असेंच केलें. त्या माळावर विहिरी खणल्या, फळझाडें लाविलीं. मुली विणकाम, शेती, छापखान्याचें काम शिकूं लागल्या. आंधळ्या मुलींस ठिपक्यांच्या लिपीनें वाचावयास शिकविण्याची सोयही तेथें झाली. उतारवयांत ऐकूं येईनासें झालें, तरी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून रमाबाई पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करीत राहिल्या. सन १९२१ मध्यें मनोरमा गेली. पुढच्याच वर्षीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, केडगांवास रमाबाईंचा प्रवास संपला. मुक्तिसदन मात्र त्यांच्या मागेंही चालू राहिलें.

बालमित्रहो, दुःख सोसलेला प्रत्येक मनुष्य दयाळू होतो असें नाहीं. पुष्कळांचें मन त्यानें कठोर होतें. आपण सोसलें, दुसऱ्यांनींही सोसावें, असें त्यांस वाटतें. रमाबाईंनीं आपल्या भुकेची आठवण दुसऱ्यांची भूक ओळखण्याच्या कामीं लाविली, हें त्यांचें मोठेपण. आणि पालकांस एक विनंती आहे. गांवाचा रोष पत्करून अनंतशास्त्र्यांनीं पत्नीस शिकविलें. त्या पत्नीनें चालत्या वाटेवर मुलीस शिकविलें. त्या मुलीनें हजारों मुलींस आसरा व विद्या दिली. आपल्या घरांतील मुलीच्या हातून पाटी काढून घेण्यापूर्वीं ही वाट कोठवर गेली, याचा विचार करावा. पुढच्या सुटींत साल्हेरची चढण चढतांना पाय दुखले, तर विद्यार्थ्यांनींही तिरडीचा भार डोक्यावर घेऊन तीन मैल चाललेल्या त्या मुलीची आठवण करावी, आणि मागें राहिलेल्या सोबत्यासाठीं क्षणभर थांबावें.