चित्रकार आंजेलो द फोन्सेका

गोमंतकात मांडवी नदीच्या पाण्याने वेढलेले सांतइस्तेव नावाचे एक बेट आहे. भातशेती, माडांच्या राया आणि त्यांतून डोकावणारे चर्चचे शुभ्र मनोरे, असा तेथील देखावा आहे. या बेटावर 1902 साली एका कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबात आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते.

येशू ख्रिस्ताचा जन्म आशिया खंडातील पॅलेस्टाइन देशात झाला. परंतु पोर्तुगिजांच्या बरोबर ख्रिस्ती धर्म गोव्यात आला तो युरोपातून. त्यामुळे चर्चमधील चित्रांनी आणि मूर्तींनीही बहुधा युरोपीय रूप धारण केले होते. येशूची माता मरिया ही गौरवर्णाची, युरोपीय पद्धतीचा झगा घातलेली अशी दिसे. तिच्यापुढे प्रार्थना करणाऱ्या गोमंतकीय स्त्रिया मात्र साडी नेसत, कोकणी बोलत आणि शेतात राबत. भक्तांचा देश एक आणि चित्रातील देश दुसरा, असे ते अंतर होते.

साहित्यात हे अंतर मिटविण्याचा यत्न फार पूर्वीच झाला होता. इंग्लंडातून गोव्यास आलेले धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी भाषेचा सखोल अभ्यास केला आणि ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले. तो ग्रंथ 1616 साली छापून प्रसिद्ध झाला. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत शोभून दिसली, तर ती भारतीय रंगरेषांत का शोभू नये? फोन्सेका यांच्या आयुष्याचे कार्य या एका प्रश्नाभोवती गुंफलेले आहे.

परंतु या कार्याची वाट त्यांना आरंभीच सापडली नाही. तरुणपणी ते वैद्यकाच्या शिक्षणासाठी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. डॉक्टर होणे म्हणजे मान आणि स्थैर्य यांची खात्रीच. तथापि त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. हा मार्ग सोडून त्यांनी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत प्रवेश घेतला. पाश्चात्त्य पद्धतीने हुबेहूब चित्र काढण्याचे उत्तम शिक्षण तेथे मिळत असे. फोन्सेका यांचे समाधान मात्र तेवढ्याने झाले नाही. आपल्या देशाची स्वतःची चित्रपरंपरा त्यांना शिकावयाची होती.

मुंबईहून कल्याण, खर्डी, कसारा असा घाट चढून जाणारा लोहमार्ग पुढे दूर कलकत्त्यापर्यंत पोचतो. त्या काळी बंगालमध्ये भारतीय चित्रकलेचे पुनरुज्जीवन होत होते. अवनींद्रनाथ टागोर हे त्या चळवळीचे अग्रणी होते आणि त्यांचे शिष्य नंदलाल बोस शांतिनिकेतनात नव्या पिढीला घडवीत होते. फोन्सेका बंगालला गेले व या दोघा थोर कलावंतांच्या मार्गदर्शनाखाली शिकले.

तेथे त्यांनी जलरंगांची एक नाजूक रीत आत्मसात केली. प्रथम कागदावर चित्र रेखून त्यात पातळ रंग भरावयाचा. तो वाळला की कागद पाण्याने भिजवून जादा रंग उतरू द्यावयाचा. आणि पुन्हा नवा थर चढवावयाचा. असे अनेक वेळा केले म्हणजे रंग कागदात मुरतात आणि चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखी कोमलता येते. या कामात घाई चालत नाही. शांत, चिंतनशील वृत्तीच्या फोन्सेकांना ही रीत मानवली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांपासून चालत आलेला भारतीय रेषेचा वारसाही त्यांनी येथेच जाणून घेतला.

1930 च्या सुमारास शिक्षण पूर्ण करून ते गोव्यास परतले आणि ख्रिस्तचरित्रातील प्रसंग रंगवू लागले. त्यांच्या चित्रांतील मरिया साडी नेसलेली, सावळ्या कांतीची, आपल्याकडील एखाद्या सालस मातेसारखी होती. हे रूप पाहून अनेक धर्मबांधव रुष्ट झाले. पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली मूर्ती हीच खरी, असे त्यांना वाटे. या नव्या चित्रांत त्यांना पावित्र्यभंग दिसला. ज्या भूमीच्या प्रेमाने चित्रे काढली, तीच भूमी ती स्वीकारीना! फोन्सेका यांच्यापुढे दोन मार्ग होते. लोकांना रुचेल तसे युरोपीय पद्धतीचे चित्र काढून घरी सुखाने राहावे, किंवा आपली दृष्टी जपून घर सोडावे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला.

ते पुण्यास आले. तेथे शिवाजीनगर भागात ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम होता. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने 1922 साली हा संघ स्थापिला होता. राज्यकर्त्यांच्या थाटात न राहता भारतीय रीतीने साधेपणाने राहावे, खादी वापरावी आणि सेवा करावी, असे त्याचे ध्येय होते. हा आश्रम अँग्लिकन पंथीयांचा होता आणि फोन्सेका कॅथलिक होते. तरीही पंथभेद आड न येता त्यांना तेथे आसरा मिळाला. त्या शांत वातावरणात त्यांनी वर्षानुवर्षे चित्रसाधना केली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांनी त्यांच्या कलेचे मोल ओळखून त्यांना उत्तेजन दिले.

फोन्सेका केवळ वेष बदलून थांबले नाहीत. चित्रातील माणसे कशी बसतात, मान कशी लववितात, हात कसे जोडतात, यांतही त्यांनी भारतीय वळण आणले. त्यामुळे त्यांची मरिया परदेशी पाहुणी भासत नाही. ती शेजारच्या घरातील माउली वाटते.

काळ हळूहळू पालटला. 1962 ते 1965 या काळात रोम येथे कॅथलिक धर्मसभेची मोठी परिषद भरली. सर्व देशांच्या आणि सर्व लोकांच्या कलेला चर्चमध्ये स्थान असावे, हे तत्त्व 1963 साली तिने मान्य केले. ज्या विचारासाठी फोन्सेकांनी घर सोडले होते, त्याच विचारावर असा मान्यतेचा शिक्का बसला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, नाताळ नुकताच उलटला असता, 28 डिसेंबर 1967 रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे त्यांच्या पत्नीने ती चित्रे जिवापाड जपली. पुढे त्यांतील शेकडो चित्रे तिने गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केली. ज्या गोव्याने एके काळी ती नाकारली, तेथेच ती सन्मानाने परतली.

आंजेलो द फोन्सेका यांनी आपला धर्म सोडला नाही आणि आपल्या देशाचे वळणही सोडले नाही. धर्मावरील श्रद्धा आणि मायभूमीवरील प्रेम एकाच हृदयात सुखाने नांदू शकतात, हे त्यांनी वाद घालून नव्हे, तर आपल्या कुंचल्याने दाखवून दिले.