नारायण वामन टिळक : आकाशातील पिता आणि माउली

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचा विचार बहुधा त्यांच्या धर्मांतराभोवती घोटाळत राहतो. त्या घटनेचे महत्त्व निर्विवाद आहे; तथापि टिळकांच्या श्रद्धेचे मर्म जाणून घ्यायचे तर त्याहून मूलभूत असा एक प्रश्न विचारावा लागतो. ज्याच्या वाट्याला ऐहिक पित्याचे वात्सल्य फारसे आले नाही, त्याने ईश्वराला पिता मानून त्याच्या हाती सर्वस्व कसे सोपविले?

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, आजोळी झाला. वडील वामनराव करारी व तापट होते आणि या मुलावर त्यांचे मन कधी बसले नाही. आई जानकीबाई हळव्या, भाविक मनाच्या. कवितेची आणि भक्तीची पहिली ओढ मुलाला लागली ती त्यांच्याकडून. आईच्या मृत्यूनंतर घरात राहण्यासारखे काही उरले नाही आणि कोवळ्या वयातच टिळकांनी नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्या छायेत त्यांचे संस्कृताध्ययन झाले. पुढील भटकंती, सुटलेल्या नोकऱ्या, कीर्तने, पुराणे हा सर्व तपशील सर्वपरिचित आहे.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ग्रंथ वाचावयास घेतला तो वचन पाळण्यापुरता. पण डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. पाखरांची व रानफुलांची काळजी वाहणारा, मागण्यापूर्वीच लेकराची गरज ओळखणारा असा जो आकाशातील पिता तेथे प्रकट होतो, तो टिळकांना ठाऊक असलेल्या पितृत्वाच्या सर्वस्वी विरुद्ध होता. येथे भीतीला स्थान नव्हते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या विश्वासाची किंमत मात्र एकट्या टिळकांनी मोजली नाही. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. या विरहकाळाचा बराच भाग पंढरपुरात गेला. पती पित्याच्या शोधात दूर गेलेला आणि पत्नी विठाईच्या दारी आसवे गाळीत बसलेली, हा योगायोग कोणत्याही कादंबरीकाराला सुचला नसता. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही संसाराची ओढाताण चालूच राहिली. हाती आलेला पैसा टिळक गरजवंताला देऊन टाकीत. दुष्काळातील अनाथ मुलांना घरी आणीत. उद्याची चिंता पित्याने वाहावी अशी त्यांची धारणा होती. आजच्या पिठामिठाची चिंता लक्ष्मीबाई वाहत. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाने हा विसंवाद इतक्या निर्मळ विनोदाने टिपला आहे की, टिळकांचे गुणगान करणाऱ्या चरित्रकारांना त्यातील व्यथा अनेकदा दिसलेलीच नाही.

टिळकांच्या भक्तिकवितेकडे वळताच अभ्यासकाला एक विलक्षण गोष्ट जाणवते. प्रार्थनेत पित्याला आळविणारा हा कवी अभंगात ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून हाक मारतो. पित्याचा उल्लेख तेथे नाही असे नव्हे; परंतु उत्कटतेचा क्षण आला की शब्द येतो तो माउलीचा. यामागे वारकरी संतांचा संस्कार आहे, हे उघड आहे. ख्रिस्तापर्यंतची आपली वाट तुकोबांवरून गेली, हे टिळकांनी स्वतः मान्य केले होते. तरीही केवळ परंपरेचे ऋण एवढ्यावर हा विषय संपवता येत नाही. मराठी भक्तीत निःशंक विसाव्याची जागा आईची आहे. बापाच्या नात्याला धाकाची किनार असते. टिळकांच्या बाबतीत तर तो धाक प्रत्यक्ष अनुभवाचा होता. पित्याच्या प्रेमावर विसंबायचे तर त्या प्रेमाला जानकीबाईंचा चेहरा मिळणे अपरिहार्य होते. परक्या वाटणाऱ्या ख्रिस्ती कल्पनेला त्यांनी मराठी देह दिला तो असा, आणि म्हणूनच त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी मंडळ्यांच्या उपासनेत रुजली.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला आकार देण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे ते एक कुटुंब व्हावे, असा त्यांचा मानस होता. साठीकडे झुकलेल्या, प्रकृती खालावलेल्या गृहस्थाने निश्चित उत्पन्न सोडावे हे व्यवहाराला धरून नव्हते. परंतु पित्यावरील विश्वास केवळ कवितेत राहू नये, ही त्यांची तळमळ होती. या दरबाराला स्थिर रूप येण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. पुढील लेखणी लक्ष्मीबाईंनी हाती घेतली, आणि ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांच्या हातून लिहून झाला.